कुठले देशमुख?

आडनावांच्या अभिमानाच्या याद्या ही एक साथच आहे. जोशी, कुलकर्णी, पाटील, जाधव... सगळ्यांच्या याद्या व्हॉट्सॲपवर फिरत असतात. माझ्या वाट्याला देशमुखांची येते, कारण मी देशमुख. यादी साधारण ठरलेली असते. लोकहितवादी गोपाळ हरी देशमुख, डॉ. पंजाबराव देशमुख, चिंतामणराव उर्फ सी. डी. देशमुख, दुर्गाबाई देशमुख, नानाजी देशमुख, विलासराव देशमुख. यादी करणारा थोडाफार वाचणारा असला तर 'बारोमास'वाले सदानंद देशमुख. शेवटी तरुण पिढीतर्फे रितेश. खाली दोन तलवारी, एक वाघ आणि 'हे रक्तातच असावं लागतं' अशा अर्थाची एखादी ओळ.

माणसं खरंच मोठी आहेत, त्याबद्दल वाद नाही. माझं भांडण त्या शेवटच्या ओळीशी आहे. रक्तात नेमकं काय आहे ते एकदा बघूनच टाकू. शनिवार आहे, वेळ आहे.

पहिली गोष्ट म्हणजे देशमुख हे आडनावच नव्हे. ते डेसिग्नेशन आहे.

बहमनी काळापासून दख्खनेत जी व्यवस्था होती तिच्यात गावाला एक पाटील आणि एक कुलकर्णी. अशा बऱ्याच गावांचा मिळून परगणा. परगण्याचा प्रमुख तो देशमुख आणि त्याचे हिशेब ठेवणारा तो देशपांडे. वसुली पाटलांकडून गोळा करायची, ती वर पोचवायची, बंदोबस्त ठेवायचा, तंटे मिटवायचे हे देशमुखाचं काम. बदल्यात वसुलीतला हक्क, इनाम जमीन आणि सणावाराला पहिला मान. आजच्या भाषेत पाटील म्हणजे टीम लीड, देशमुख म्हणजे रीजनल मॅनेजर आणि देशपांडे-कुलकर्णी म्हणजे फायनान्स. फरक एवढाच की ही नोकरी वंशपरंपरागत होती. बाप रीजनल मॅनेजर म्हणून मुलगा रीजनल मॅनेजर. अप्रेझल नाही, नोटीस पीरियड नाही. वर आदिलशाही असो, निजामशाही असो, मोगलाई असो, खाली देशमुख तोच. मालक बदलले तरी मॅनेजर कायम.

आता हे पद कोणाला मिळालं? ज्याच्याकडे त्या भागात जोर होता त्याला. त्यात जातीचा एकच नियम नव्हता. म्हणून आज देशमुख मराठ्यांत आहेत, देशस्थांत आहेत, कोकणस्थांत आहेत, सीकेपींत आहेत, लिंगायतांत आहेत आणि मुसलमानांतही आहेत. या सगळ्यांचं रक्त एक असायचं तर सगळ्या प्रोजेक्ट मॅनेजरांचंही एकच असायला हवं. दोनशे वर्षांनी कोणी 'थोर प्रोजेक्ट मॅनेजर घराणी' अशी यादी काढली तर तिला जेवढा अर्थ असेल तेवढाच या यादीला आहे.

म्हणजे डेटाबेसच्या भाषेत, ज्या कॉलमला आपण प्रायमरी की समजून चाललोय तो साधा टेक्स्ट कॉलम आहे. त्यावर जॉइन मारला तर आउटपुट येणारच, भरपूर येणार. पण ते बरोबर असेल असं नाही.

बरं, यादीतल्या पहिल्या दोन नावांपासूनच बघा. लोकहितवादींचं घराणं मूळचं सिधये. कोकणस्थ. घराण्याकडे देशमुखीचं वतन होतं म्हणून देशमुख. पंजाबरावांचं घराणं मूळचं कदम. अमरावती जिल्ह्यातलं पापळ हे त्यांचं गाव. तिथेही तेच, देशमुखीमुळे देशमुख. म्हणजे 'आपले' पहिले दोन देशमुख एक सिधये आणि एक कदम! यादी करणाऱ्याला हे सांगितलं तर तो म्हणतो, "असेल रे, पण देशमुखी बाणा तर होता ना."

बाणा. ठीक आहे, बाणा तपासू.

साल १६५९. अफझलखान चालून आला. भोरजवळच्या रोहिडखोऱ्यात दोन देशमुख घराणी होती, कारीचे जेधे आणि उत्रोळीचे खोपडे. खानाकडून दोन्हीकडे दबाव. कान्होजी जेधे शिवाजी महाराजांच्या बाजूला उभे राहिले. वतनावर पाणी सोडायची तयारी दाखवून उभे राहिले असं आपण सगळे शाळेपासून ऐकत आलोय. खंडोजी खोपडे खानाला जाऊन मिळाला आणि नंतर त्याची शिक्षा हातापायाने भोगली. पद तेच, खोरं तेच, महिना तोच. मग देशमुखी बाणा यातला कुठला? जेध्यांचा की खोपड्याचा? याचं उत्तर आडनावात नाही. ते कान्होजींनी स्वतः घेतलेल्या निर्णयात आहे.

शिवाय महाराजांचं स्वतःचं या वतनदारीबद्दल मत काही फार चांगलं नव्हतं. वसुलीतला वतनदारांचा मनमानी हात त्यांनी आखडला, सरकारी कारकून नेमले, वतनदारांच्या गढ्या-हुड्यांवर बंदी आणली. रामचंद्रपंत अमात्यांच्या 'आज्ञापत्रा'त वतनदारांवर एक अख्खं प्रकरण आहे, ते एकदा वाचाच. राज्याच्या पोटातली छोटी छोटी राज्यं असा त्यांच्याकडे बघण्याचा सूर आहे त्यात. शिवरायांचा फोटो आणि देशमुखीचा अभिमान एकाच इमेजमध्ये डकवणाऱ्यांनी तर नक्की वाचावं.

आता यादीतली माणसं एकेक करून घेऊ, कारण खरी गंमत तिथे आहे.

लोकहितवादींनी 'शतपत्रे' लिहिली ती १८४८ ते १८५० या काळात, भाऊ महाजनांच्या 'प्रभाकर' साप्ताहिकात. एकशे आठ पत्रं. सुरुवात केली तेव्हा वय पंचवीस. (आपण पंचविसाव्या वर्षी काय करत होतो ते आठवून बघा. मी बेंचवर बसून प्रोजेक्ट मिळायची वाट बघत होतो.) त्या पत्रांत त्यांनी सगळ्यात जास्त कोणाला झोडपलं? स्वतःच्या जातीला. भटभिक्षुकी, अर्थ न समजता केलेलं पाठांतर, विधवांचे हाल, आळस, जुन्याचा पोकळ डौल. वाडवडिलांच्या मोठेपणावर आयतं जगणाऱ्यांचा त्यांना मनस्वी तिटकारा होता. आणि हे सगळं त्यांनी 'लोकहितवादी' या टोपणनावाने लिहिलं. म्हणजे आडनाव बाजूला ठेवून! त्यांना आडनावाच्या यादीत पहिल्या नंबरवर बसवणं हा त्यांचा सत्कार नाही, त्यांच्या लिखाणाचा पराभव आहे.

पंजाबराव. शेतकऱ्याच्या घरातून निघून ऑक्सफर्डपर्यंत गेले, वैदिक वाङ्मयातल्या धर्मविचारावर डॉक्टरेट केली. आणि परत येऊन काय केलं? १९२७ च्या सुमारास अमरावतीच्या अंबादेवीच्या देवळात अस्पृश्यांना प्रवेश मिळावा म्हणून जो लढा झाला त्यात पुढे राहिले. स्वतः आंतरजातीय लग्न केलं. शिवाजी शिक्षण संस्था काढली, तिच्यामुळे विदर्भातल्या शेतकऱ्यांच्या पोरांच्या कितीतरी पिढ्या शिकल्या. घटना समितीत गेले, मागासवर्गीयांसाठी बोलले, १९५२ पासून दहा वर्षं देशाचं कृषी खातं सांभाळलं. जात ओलांडून लग्न करणाऱ्या माणसाचं नाव आज कुठे सापडतं? 'फक्त देशमुख स्थळे' अशा वधूवर ग्रुपच्या बॅनरवर. याला विनोद म्हणायचा की आणखी काही, तुम्हीच ठरवा.

सी. डी. हे सीकेपी, महाडजवळच्या नात्याचे. १९१८ मध्ये आयसीएसला पहिले, १९४३ मध्ये रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, १९५० पासून अर्थमंत्री. काही वर्षं पंजाबराव आणि सी. डी. दोघेही नेहरूंच्या एकाच सरकारात होते. एकाकडे शेती, एकाकडे तिजोरी, आणि नात्याने कोणी कोणाचं नाही. जुलै १९५६ मध्ये मुंबई महाराष्ट्रापासून तोडली जातेय म्हणून सी. डीं.नी भर लोकसभेत नेहरूंना सुनावून अर्थमंत्रिपद सोडलं. देशाचं अर्थमंत्रिपद! वंशपरंपरागत खुर्ची धरून बसणं ही जर मूळ देशमुखी असेल, तर खुर्ची सोडणारा हा माणूस त्या देशमुखीच्या बरोबर उलट्या टोकाला आहे.

दुर्गाबाईंचं तर काय सांगावं. जन्म राजमुंद्रीचा, मातृभाषा तेलुगू. लहानपणी लावून दिलेलं लग्न त्यांनी पुढे नाकारलं. १९२३ मध्ये काकिनाड्याला काँग्रेस अधिवेशनाच्या वेळी खादी प्रदर्शनाच्या दारावर स्वयंसेविका होत्या तेव्हा तिकीट नाही म्हणून खुद्द नेहरूंना अडवलं, हा किस्सा प्रसिद्ध आहे. वय तेव्हा चौदा. मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगात गेल्या, आंध्र महिला सभा उभी केली, वकील झाल्या, घटना समितीवर निवडून गेल्या. त्या समितीच्या चर्चांमध्ये त्यांचं नाव कसं छापलंय माहितीये? श्रीमती जी. दुर्गाबाई. देशमुख नाही. सी. डीं.शी त्यांचं लग्न झालं १९५३ मध्ये, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी. त्याआधीच त्यांनी एका आयुष्याला पुरून उरेल एवढं काम केलेलं होतं. पुढचंही मोठंच, समाजकल्याण मंडळ, स्त्रीशिक्षणावरची राष्ट्रीय समिती वगैरे. पण ते 'देशमुख रक्ता'मुळे झालं म्हणायचं असेल तर रक्त लग्नाच्या रजिस्टरमधून चढतं असा नवा शोध लागला म्हणायचा.

नानाजींचा जन्म हिंगोली जिल्ह्यातल्या कडोळीचा. संघ, जनसंघ, १९७७ मध्ये बलरामपूरहून खासदार, मंत्रिपद नाकारलं, मग राजकारणच सोडून गोंडा आणि चित्रकूटच्या खेड्यांत काम. २०१९ मध्ये मरणोत्तर भारतरत्न. विलासराव बाभळगावचे सरपंच म्हणून सुरुवात करून दोनदा मुख्यमंत्री झाले, काँग्रेसचे. या दोघांना एका खोलीत बसवलं असतं तर आडनाव सोडून कशावर एकमत झालं असतं? बहुधा चहावर.

आणि सदानंद देशमुख. 'बारोमास'ला २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. शिकून बेकार बसलेला शेतकऱ्याचा मुलगा आणि कर्जात रुतत जाणारं घर, अशी कादंबरी. ज्या पदाचं काम शेतकऱ्याकडून वसुली करण्याचं, त्या पदाचं नाव लावणारा लेखक वसुलीने मोडलेल्या शेतकऱ्याच्या बाजूने लिहितो. मला या सगळ्या यादीत सर्वात जास्त आवडणारी गोष्ट कुठली असेल तर ही.

आता एक नाव सांगतो जे यादीत कधीच नसतं. विसनूरचा देशमुख.

निजामाच्या राज्यात, तेलंगणात, जनगाव तालुक्यात विसनूर नावाचं गाव आहे. तिथला रामचंद्र रेड्डी. आडनाव वेगळं, पद देशमुखाचं. सुमारे ४० हजार एकर जमिनीचा धनी. वेठबिगारी, बेदखली, मारझोड हा रोजचा कारभार. चाकली ऐलम्मा नावाच्या परीट बाईच्या शेतातलं उभं पीक लुटून न्यायला त्याची माणसं गेली आणि ती बाई संघटनेला हाताशी धरून उभी राहिली, पीक तिने घरी नेलं. जुलै १९४६ मध्ये कडवेंडी गावात याच देशमुखाच्या माणसांनी मोर्चावर गोळ्या झाडल्या, त्यात दोड्डी कोमरय्या मारला गेला. तेलंगणाचा सशस्त्र लढा पेटला तो तिथून. त्या भागातल्या जुन्या माणसांपुढे 'देशमुख' म्हणा, त्यांच्या डोळ्यांसमोर काय येतं बघा. तिथे सी. डी. येत नाहीत.

आता सांगा, विसनूरकर यादीत का नाही? "तो आपल्यातला नव्हता" म्हणाल, तर दुर्गाबाई कुठे आपल्यातल्या होत्या? "त्याचं ते पद होतं, आडनाव नव्हे" म्हणाल, तर लोकहितवादी आणि पंजाबरावांचं दुसरं काय होतं? म्हणजे फिल्टर उघड आहे. चांगला असेल तर आपला, वाईट असेल तर त्याचं खरं आडनाव आठवतं. खोपड्याला आपण खोपडे म्हणतो आणि लोकहितवादींना देशमुख म्हणतो. या पद्धतीने कुठल्याही आडनावाची यादी थोरच निघणार. टेस्ट केस फेल झाली की ती डिलीट करायची आणि वर 'ऑल टेस्ट्स पास्ड' म्हणून पेढे वाटायचे. आमच्या धंद्यात याला फसवणूक म्हणतात.

इथपर्यंत आलं की कोणीतरी म्हणतंच, "जाऊ दे ना यार, निरुपद्रवी गंमत आहे. कोणाचं काय बिघडतं?"

बिघडतं. म्हणूनच एवढं लिहितोय.

नवीन माणसाने नाव सांगितलं की आपल्याकडे पुढचा प्रश्न "आडनाव?" हा असतो. बहुतेक आडनावांना तिथेच निकाल लागतो. माझ्या आडनावाला लागत नाही, कारण वर सांगितलं तसं ते पाच-सहा जातींत आहे. मग येतो पुढचा प्रश्न, "कुठले देशमुख?" याचा अर्थ गाव कुठलं असा नसतो हे विचारणाऱ्यालाही माहीत असतं आणि मलाही. पुण्यात भाड्याने घर शोधताना हा प्रश्न मी एजंटकडून ऐकलाय, घरमालकाकडून ऐकलाय, एका ऑफिसात इंटरव्ह्यू संपल्यावर चहा पिताना ऐकलाय. मी गावाचं नाव सांगतो आणि समोरचा गावावरून जात काढायचा प्रयत्न करतो. त्याच्या कपाळावरच्या आठ्या बघणं ही माझी आवडती करमणूक आहे :-)

पण मला त्याची करमणूक करता येते, कारण माझं आडनाव कुठल्याही जातीत धरलं तरी दार बंद होत नाही. ज्यांचं आडनाव ऐकताच "सांगतो मग, मालकांना विचारून" असं उत्तर येतं, त्यांना यात गंमत दिसत नसणार. सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांचा २००७ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. खाजगी कंपन्यांच्या नोकरीच्या जाहिरातींना त्यांनी हजारो अर्ज पाठवले. शिक्षण सारखं, अनुभव सारखा, बदललं फक्त नाव. पदवी लागणाऱ्या नोकऱ्यांत दलित आडनावाच्या अर्जाला पुढचं बोलावणं येण्याची शक्यता सवर्ण आडनावाच्या साधारण दोन-तृतीयांश निघाली, मुसलमान नावाच्या अर्जाची त्याहूनही बरीच कमी. आपण ज्याला 'मेरिट' 'मेरिट' म्हणतो त्या खाजगी क्षेत्राची ही गोष्ट. आपण कितीतरी जण वडिलांचं नावच आडनावाच्या रकान्यात का लिहितात, गावाच्या नावाला 'कर' जोडून नवं आडनाव का घेतात, याचं उत्तर त्या आकड्यात आहे.

ही यादी आणि तो "कुठले?" यांचा कोड एकच आहे. आडनाव वाचून माणसाची लायकी ओळखता येते, हे गृहीतक दोन्हीकडे तेच. यादीत ते आपल्याला गोड वाटतं कारण निकाल आपल्या बाजूने लागतो. ते गृहीतक यादीत खरं मानायचं आणि इंटरव्ह्यूमध्ये खोटं, असं होत नाही. एकाच फंक्शनला दोन ठिकाणी कॉल केलंय. 'रक्तातच असावं लागतं' हे पुढे ढकलणारा माणूस उद्या पॅनेलवर बसला की अर्जावरचं आडनाव वाचताना त्याचं डोकं वेगळं चालेल, यावर माझा विश्वास नाही.

मग आडनाव टाकून द्यायचं का? नाही. ज्यांनी टाकलं त्यांच्याबद्दल मला आदर आहे, पण पासपोर्टपासून पॅन कार्डापर्यंत बदलत बसायचा उत्साह मला नाही, आणि मुद्दा तो नाहीच. आडनाव असू द्या. वतन गेलं. १९५० च्या कायद्याने मुंबई राज्यातली परगणा आणि कुलकर्णी वतनं रद्द झाली. खुर्ची गेली, दारावरची पाटी राहिली. पाटी असायला हरकत नाही, फक्त ती बघून आत साहेब बसलेत असं समजू नका.

आणि यादीतल्या माणसांचा अभिमान वाटतोच असेल तर तो दाखवायचे दुसरे मार्ग आहेत. लोकहितवादी आवडतात? मग 'शतपत्रे' वाचा आणि त्यातलं एखादं आपल्याच जातीच्या ग्रुपवर टाकून बघा, किती वेळ ग्रुपमध्ये राहता ते कळेल. पंजाबराव आवडतात? मग बहिणीने दुसऱ्या जातीतला मुलगा आणला की तोंड वाकडं करू नका. सी. डी. आवडतात? मग पटत नसलेल्या गोष्टीसाठी साधी एक मीटिंग तरी सोडून दाखवा. दुर्गाबाई आवडतात? मग साहेबाला तिकीट विचारा.

हे जमलं तर यादी खुशाल फॉरवर्ड करा. नाही जमलं तर निदान मला पाठवू नका. आणि कोणी विचारलंच "कुठले देशमुख?", तर मी आता एकच उत्तर ठरवलंय: कोथरूडचे, भाड्याने राहणारे.